चढणीचे पहिले तीन दिवस

२०१६च्या मार्चमध्ये आमचं रान तोडायला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी आदल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते आणि चिपळूणची भाड्याची जागा सोडून आम्ही दोघं संगमेश्वर तालुक्यातल्या यांच्या घरी कायमचे राहायला आलो होतो. छप्पर गळत होतं, वासे किडले होते. ठेकेदार रान फिरून गेला, सहा एकरांचे १ लाख ४० हजार म्हणाला आणि ओटीवर चहा घेता घेता १० हजारांचा विसार त्याने पुढे केला.

हे आमच्याकडे नवीन नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. डोंगरउतारावर जी झाडी दिसते ती बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरची. ऐन-किंजळीचे फुटवे पंधरा-वीस वर्षांत जाड झाले की रान तोडीला जातं, लाकूड ट्रकांतून बाहेर जातं, खैर कातभट्टीला, उरलंसुरलं कोळशाला. आमच्या सासऱ्यांनी १९९८ साली दिलं होतं, नणंदेच्या लग्नासाठी. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बँकेत ठेव नसलेल्या माणसाची रान हीच ठेव होती.

विसार घेण्याआधी हद्द दाखवायला आम्ही ठेकेदाराच्या माणसाबरोबर वर गेलो. रानाच्या मधोमध एक जुना बेहडा आहे. ९८च्या तोडीतही तो वाचला, कारण आतून पोकळ होता आणि पोकळ लाकडाला भाव नाही. त्याच्या बुंध्याशी काजऱ्याच्या बियांचा आणि उंबरांच्या चोथ्याचा सडा पडला होता. मान वर करून बघितलं तर पंचवीस-तीस फुटांवरच्या ढोलीचं तोंड लिंपून टाकलेलं, मधे फक्त एक उभी फट. आम्ही बोलत उभे असतानाच पंखांचा घरघर आवाज झाला आणि एक ककणेर फांदीवर उतरला. पुस्तकात त्याला मलबारी कवड्या धनेश म्हणतात. आम्हाला बघून बिचकला, पण गेला नाही. थोड्या वेळाने ढोलीपाशी जाऊन त्याने गळ्यातलं एकेक उंबर काढून फटीतून आत दिलं. आतून चोचीचं टोक दिसलं तेवढंच.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बाई, ही मादी आता पावसाच्या तोंडाला भाईर येनार." त्याला सगळं माहीत होतं. मादी आत शिरते, विष्ठेने आणि चिखलाने दार लिंपून घेते, आतच तिची मोठी पिसं झडतात, अंडी घालते, पिल्लं वाढवते, आणि जवळजवळ तीन महिने नर बाहेरून सगळ्यांना भरवतो. त्या दिवसांत नर मेला तरी आतली उपाशी, झाड पडलं तरी आतली गेली. आणि आमच्याकडे लाकूडतोड जोरात चालते ती नेमकी याच तीन महिन्यांत, कारण पाऊस लागला की ट्रक वर चढत नाही.

मी तीस वर्षं मुलांना पक्ष्यांचे धडे शिकवले होते. माझ्याच रानातलं हे घरटं मला वयाच्या ५९व्या वर्षी दिसलं. यांनी विसार परत केला आणि छपरासाठी पतपेढीचं कर्ज काढलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि तेही रानात नाही, कागदावर. आमची जमीन एकूण साडेअकरा एकर. वर सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, त्याखाली रान, मग आंबा-काजूची बाग आणि सगळ्यात खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचे भाताचे मळे. सातबारा सामाईक, त्यावर नऊ नावं. थोरले दीर डोंबिवलीला असतात, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. मला वाटलं होतं ते पैशांवरून नाराज होतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "रान उभं ठेवलंत आणि उद्या सातबाऱ्यावर वनाचा शेरा आला तर?"

ही भीती हवेतली नाही. १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५पासून राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. कितीतरी घरांना त्याचा पत्ता फार उशिरा, जमीन विकायला किंवा कर्ज काढायला गेल्यावर लागला. तेव्हापासून कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: झाडी वाढली की जमीन गेली. रान राखायला निघालेल्या माणसाने ही भीती आधी समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. शहरातून येणारे लोक 'जनजागृती' करायला लागतात तेव्हा समोरचा माणूस अडाणी असतो असं नाही, त्याचे हात एकदा पोळलेले असतात. आम्ही जुने फेरफार काढले, तलाठ्याकडे आणि वनखात्यात जाऊन विचारलं. आमच्या गटावर शेरा नव्हता. त्याला चार महिने लागले, पण दादांची झोप परत आली.

गणपतीला सगळे घरी असतात, तेव्हा बसून मुद्रांकावर लिहून घेतलं. दहा वर्षं उभं झाड तोडायचं नाही. पडलेलं आणि वाळलेलं लाकूड चुलीसाठी सगळ्यांनी न्यायचं, पण ढोली असलेलं वठलेलं झाड उभंच ठेवायचं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळं (पानांसकट डहाळ्या) तोडायची तर एका झाडाची तीन वर्षांतून एकदा, शेंडा राखून. आंबा-काजूतून जे येईल त्यातला वाटा प्रत्येकाला. नऊच्या नऊ सह्या झाल्या. एका पुतण्याने सही करताना तोंड वाकडं केलं होतं, ते अजून पूर्ण सरळ झालेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

पऱ्या फेब्रुवारीत आटायचा. मला वाटायचं, पाणी अडवलं की सगळ्यांचंच भलं: विहिरीचं, बागेचं, रानातल्या जनावरांचं. पूर्वी वाडीतली माणसं नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून वनराई बंधारा घालायची, पावसात तो वाहून जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. मला ती दर वर्षाची हमाली वाटली. मी पक्क्या बंधाऱ्याच्या मागे लागले. अर्ज केले, खेटे घातले, कमी पडले ते पैसे घरातून घातले आणि २०१७ साली पऱ्यावर साडेतीन फुटी सिमेंटची भिंत उभी राहिली. त्या हिवाळ्यात पाणी तुडुंब साचलं. विहिरीचं पाणी मे महिन्यापर्यंत टिकलं. खंड्या यायला लागला, भारद्वाज पाण्यावर उतरायला लागला, रात्री साळिंदराच्या पायांचे ठसे दिसायला लागले. मी खूश होते.

२०१८च्या जूनमध्ये मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री पडला. सकाळी शेजारचे आबा मळ्याच्या बांधावर उभे होते. म्हणाले, "बाई, मासं न्हाय चढलं औंदा." मला आधी अर्थच लागेना. त्यांनी हात धरून नेल्यासारखं मला बंधाऱ्याखाली नेलं.

ते दृश्य मी विसरणार नाही. भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा खाली सिमेंटच्या फरशीवर आपटत होता आणि त्या फरशीवर मासे उड्या घेत होते. खवळ, शिंगट्या, बोटभर लांबीचे कितीतरी, नावं मला माहीत नाहीत असे. उडी घ्यायचे, भिंतीला आपटायचे, खाली पडायचे, पुन्हा उडी. पोटं गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, फुगलेली. दोन बगळे होते आणि वाडीतली पाच-सहा पोरं बादल्या भरत होती. पोरांचा काय दोष, मासे हातानेच सापडत होते.

चढणीचे मासे कोकणात सगळ्यांना माहीत आहेत, खाण्यासाठी. माझ्या डोक्यात ते ताटातल्या माशांच्या पुढे कधी गेलेच नव्हते. उन्हाळ्यात पऱ्या आटतो तेव्हा मासे खालच्या खोल कोंडींमध्ये, म्हणजे डोहांमध्ये, दिवस काढतात. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की ते उलट्या दिशेने वर निघतात, पऱ्यातून पाटात, पाटातून भाताच्या मळ्यात. मळ्यातलं पाणी उथळ, ऊबदार, प्रवाह नसलेलं, किड्यामुंग्यांनी भरलेलं. तिथे अंडी टाकतात, तिथेच पिल्लं मोठी होतात आणि भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरायला लागलं की खाली उतरतात. त्यांना आपण उतरणीचे मासे म्हणतो. म्हणजे आमचे मळे ही त्यांची बाळंतिणीची खोली होती, आणि मी त्या खोलीच्या दारात साडेतीन फुटांची भिंत घातली होती. दर वर्षी वाहून जाणारा गोणींचा बंधारा जूनमध्ये जागेवर नसायचा, हाच त्याचा मोठा गुण होता.

त्या दिवशी यांनी आणि आबांनी टोपल्यांनी मासे भिंतीवरून पलीकडे टाकले. मी संध्याकाळपर्यंत तिथेच होते.

पुढचा हिवाळा मी लोकांना विचारत फिरले. बंधारा फोडून टाकावा असंही मनात आलं, पण आता विहीर त्यावर अवलंबून होती आणि खालच्या दोन घरांचं पाणीही. शेवटी गावातल्याच गवंड्याने तोड काढली. भिंतीच्या मधोमध तीन फूट रुंदीची खाच तळापर्यंत कापली, दोन्ही कडांना खोबणी केली आणि त्यात लाकडी फळ्या बसवल्या, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे घालतात तशा. फळ्या नोव्हेंबरात घालायच्या आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात काढायच्या. खालच्या अंगाला फरशी फोडून पऱ्यातलेच मोठे दगड रचले, एकेका पायरीची उंची वीतभर, आणि प्रत्येक पायरीमागे माशाला दम खायला गुडघाभर पाण्याचा डबरा. माझा आग्रह होता की दगडांचा उतार सिमेंटने गुळगुळीत करावा. गवंडी म्हणाला, नको, खडबडीत दगडाला धरूनच वाम चढते, गुळगुळीतावरून सगळं घसरेल. तो लहानपणी तिथेच मासे धरत मोठा झाला होता.

२०१९च्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री आम्ही दोघं विजेरी घेऊन तिथे बसलो. साडेदहाच्या सुमाराला पहिला मासा खाचेतून वर गेला. मग एकामागून एक. यांनी मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढे सोडून दिलं.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. त्या पावसात आमच्या पऱ्यानेही रूप बदललं आणि सगळ्या पायऱ्या वाहून गेल्या. भिंत राहिली, दगड गेले. पुन्हा रचताना तळाच्या रांगेचे धोंडे निम्मे गाडून बसवले. तेव्हापासून टिकले आहेत, पण दर पावसाळ्यानंतर एक-दोन दिवसांची डागडुजी लागतेच. जी हमाली टाळायला मी पक्का बंधारा बांधला, ती मी आता दर वर्षी आनंदाने करते.

मासे वर जाऊ शकतात एवढ्याने भागत नव्हतं. वाट मोकळी झाली तशी त्या वाटेवर खोयनंही लागली. बांबूचं खोयन पाटाच्या तोंडाशी लावलं की चढणारा एकेक मासा त्यात. हा वाडीचा पूर्वापारचा हक्क आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरात ताजं कालवण येतं ते त्यामुळेच. मी बंदी घालायला गेले असते तर दुसऱ्या दिवसापासून मला कोणी पाण्यालाही विचारलं नसतं. मे महिन्यात वाडीची बैठक झाली. मी म्हटलं, पहिले आठ दिवस कोणी खोयन लावू नका. कोणीतरी म्हणालं, एक दिवस ठीक आहे. मग आबा उठले. "महाडाकडे वाळण कोंडीतल्या माशाला कोन हात लावतो काय? देवाचं म्हनून सोडतात ना? मग हितं तीन दिस देवाचं म्हना." तीन दिवसांवर मिटलं. शास्त्र विचाराल तर तीनचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, घासाघिशीतून आलेला आहे. पण पहिल्या पुराला निघणाऱ्या, पोटात गाभोळी असलेल्या माद्या त्या तीन दिवसांत बऱ्याचशा वर पोचतात, हे सहा वर्षं डोळ्यांनी बघते आहे. ब्लीचिंग पावडर टाकून किंवा बॅटरीचा करंट सोडून मासे मारायचे नाहीत हेही त्याच बैठकीत ठरलं, आणि त्याला मात्र कुणाचाच विरोध नव्हता. बाहेरून येऊन कोणी तसं करताना दिसलं तर आता पोरंच हाकलतात.

माशांनी मळ्यातलीही कामं बदलायला लावली. खेकडे बांध पोखरतात म्हणून बिळात विषारी भाताचे गोळे ठेवायची पद्धत आहे; ती सोडली, बांध हाताने लिंपतो. बांधावर तणनाशक मारत नाही, ग्रासकटर फिरवतो, तोही बांधाची एक बाजू आज आणि दुसरी पंधरा दिवसांनी, म्हणजे बेडकांना आणि चतुरांना एक बाजू उरते. उन्हाळ्यात पऱ्याची शेवटची कोंड उरते तिच्यावर पंप लावत नाही. त्या कोंडीवर जांभूळ, करंज आणि उंबराची सावली आहे. ती झाडं तोडली असती तर पाणी एप्रिलातच तापून संपलं असतं.

बागेची गोष्ट वेगळी. आमची हापूसची बेचाळीस कलमं खंडाने दिलेली होती. व्यापारी येतो, आगाऊ पैसे देतो आणि मग फवारणीपासून तोडणीपर्यंत सगळं त्याचं. किती वेळा काय फवारलं याची विचारणा आम्ही कधी केलीच नव्हती. २०१८ला खंड संपला तेव्हा बाग आम्ही ताब्यात घेतली. मोहोर उमलल्यावर एक सकाळ झाडाखाली बसून काढली तर कळलं की मोहोरावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त येतात, लहान लहान, कितीतरी जातींच्या. हापूसच्या मोहोरात नर फुलं फार आणि फळ धरू शकणारी संयुक्त फुलं थोडी. त्या थोड्या फुलांपर्यंत परागकण पोचवायचं काम ज्यांच्याकडे, त्यांच्यावरच आपण भर फुलोऱ्यात औषध मारतो आणि मग फळधारणा कमी झाली म्हणून हवेला दोष देतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा असाच आहे. आम्ही आता पालवीवर आणि बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना गरजेपुरतं फवारतो, आणि पहिलं फूल उमलल्यापासून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत पंपाला हात लावत नाही. २०२०ला याची किंमत मोजली. ऐन मोहोरात ढग आले, तुडतुडे माजले, पानांवर चिकटा आणि त्यावर काजळी. त्या वर्षी बेचाळीस झाडांत मिळून तीस पेट्याही भरल्या नाहीत. दादांना वाटा पाठवताना मला वाईट वाटलं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "ककणेर आलाय ना?"

मधमाश्यांच्या बाबतीत मी आधी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. साताऱ्यातलं मांघर २०२२ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिकडची माहिती वाचून मी सातेरीच्या दोन पेट्या आणल्या. ऑगस्टमध्ये दोन्ही वसाहती निघून गेल्या. सातेरीला भूक लागली की ती घर सोडते, आणि आमच्याकडे चार महिने मुसळधार पाऊस, फुलं नाहीत, बाहेर पडायची सोय नाही. साखरेचा पाक वेळेवर दिला नव्हता, तळफळीवर मेणकिडा झाला होता. एक पेटी पुन्हा भरली, ती आज चांगली आहे. पण पेट्यांपेक्षा मला आता आमचा जुना गडगा मोलाचा वाटतो. चिऱ्यांचा सुका गडगा, सिमेंट नसलेला, फटींनी भरलेला. त्यात दोन ठिकाणी सातेरी आपणहून राहते. एका फटीत बिननांगीच्या बारीक माश्या मेणाची नळी काढून बसल्या आहेत. गड्याने मला विचारलं होतं, पाडून तारेचं कुंपण घालू का, स्वस्त पडेल. ऑक्टोबरात सातवीण फुलते, हिवाळ्यात काटेसावर, मग काजू-आंबा, मग जांभूळ, अंजनी. वर्षातल्या कोणत्या महिन्यात रानात काहीच फुलत नाही, हे शोधत गेले तर उत्तर जुलै-ऑगस्ट निघालं, आणि मग नजर वर, सड्याकडे गेली.

सड्यावर आमचा दीड एकर आहे. लोक त्याला पडीक म्हणतात. उन्हाळ्यात काळाठिक्कर कातळ असतो, पाय भाजतो. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर तिथे दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात, कोकणच्या सड्यांबाहेर क्वचितच भेटणारी. श्रावण-भाद्रपदात कातळावरच्या वीतभर मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा. रानात फुलांचा दुष्काळ असतो तेव्हा सडा फुलतो, आणि उघडीप मिळाली की गडग्यातल्या माश्या तिथे जातात. खोलगट जागी पाणी साचतं, त्यात बेडूक. तिथे चिरेखाण काढायला एक जण दोनदा येऊन गेला. रक्कम रानाच्या लाकडापेक्षा मोठी होती. आमचं ठरत नव्हतं, कारण तेव्हा दुसऱ्या एका पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च समोर होता. शेवटी यांनी हिशेब मांडला: चिरा एकदाच निघतो, पण सड्यावर मुरलेलं पाणी खाली विहिरीत येतं, आणि खाण पडली की ते कुठे जाईल सांगता येत नाही. पुतण्यासाठी आम्ही काजूचे दोन वर्षांचे पैसे दिले. नंतर एका संस्थेची चांगली मुलं सड्यावर पाचशे झाडं लावायला आली होती, खड्डे खणायला यंत्र घेऊन. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मोकळा कातळ बघून झाड लावावंसं वाटणं मी समजू शकते. मीही पाच वर्षांपूर्वी तेच केलं असतं.

सगळ्यात जास्त कष्ट वणव्याचे. डिसेंबर-जानेवारीत रानाच्या दोन बाजूंनी दहा फुटी पट्टा साफ करून जाळरेषा काढतो, पाचोळा आत ओढतो. चार माणसं आठ दिवस. २०१९च्या मार्चमध्ये वाटेच्या बाजूने आग आली आणि एक एकर गेलं. ऐन-किंजळ पुन्हा फुटले, पण बेहड्याची, सातविणीची, कोकमाची हातभर रोपं एका दुपारीत संपली. तेव्हापासून ककणेराच्या बेहड्याखाली पावसाळ्यात जी रोपं उगवतात ती काढून मी जळलेल्या तुकड्यात लावते. नराने टाकलेल्या बियाच त्या, काही देवरहाटीतून, म्हणजे देवराईतून, आणलेल्या असतील. दहा लावली तर दोन-तीन जगतात.

एक गोष्ट सुटलेली नाही. पलीकडच्या शेतकऱ्याची रताळी आणि नाचणी डुकरांनी दोन वर्षं फस्त केली. त्याचं म्हणणं, तुम्ही रान राखलंत म्हणून डुकरं तुमच्यात दिवसा झोपतात आणि रात्री माझ्यात जेवतात. ते अगदी खोटं नाही. सौर कुंपणाचा अर्धा खर्च आम्ही दिला, रानाच्या त्या बाजूची झुडपं आम्ही साफ ठेवतो. माकडांवर मात्र काही चालत नाही. त्याने आता नाचणी सोडली, आणि त्याच्या घरी गेले की मला ओशाळल्यासारखं होतं.

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा बेहड्याची एक मोठी फांदी मोडली. ढोल शाबूत राहिली. दोन दिवस नर दिसला नाही, मी सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन उभी राहायचे. तिसऱ्या दिवशी तो आला, गळ्यात काहीतरी घेऊन. पुढच्या आठवड्यात मादी बाहेर पडली. यंदाही मार्चमध्ये तिने दार लिंपलं. दहा वर्षांचा कागद आता संपत आला आहे. यंदाच्या गणपतीत पुन्हा सगळे बसणार. दादांनी स्वतःच मुद्रांक आणून ठेवला आहे, सही करताना तोंड वाकडं करणाऱ्या त्या पुतण्याचं अजून काही कळत नाही.

त्याच पुतण्याचा मुलगा यंदा जूनमध्ये आमच्याकडे होता, नऊ वर्षांचा. पहिला पाऊस संध्याकाळी आला. फळ्या आठ दिवस आधीच काढलेल्या होत्या. तीन रात्री तो माझ्याबरोबर दगडांवर छत्री धरून बसला, वर जाणारे मासे मोजत, झोप आली तरी उठायला तयार नाही. चौथ्या दिवशी सकाळी आबांनी विणलेलं छोटं खोयन घेऊन तो दारात उभा.

"आजी, आता टाकू?"

टाक म्हटलं. दुपारी आठ खवळ आणि एक शिंगटी मिळाली. तिरफळ घालून कालवण केलं, आबांना वाटीभर पाठवलं.